अंदर खंडेराव गेट

वाचकहो, झाशीतल्या एखाद्या स्नेह्याला पत्र पाठविण्याचा योग आपणांस कधी आला, तर पत्त्यातील एक लहानसा शब्द विसरू नका. तो शब्द म्हणजे 'अंदर' किंवा 'बाहर'. कोणी 'बाहर दतिया गेट' येथे राहतो, तर कोणी 'अंदर ओरछा गेट' येथे. या शहराभोवती एक तट होता. सुभेदार शिवराव भाऊ यांच्या कारकिर्दीत, म्हणजे १७९६ ते १८१४ या काळात, तो बांधला गेला आणि त्याला खंडेराव, दतिया, उनाव, भांडेर, लक्ष्मी, सागर, ओरछा, सैंयर असे दरवाजे ठेवण्यात आले. आज तो तट सलग उरलेला नाही. कोठे तो घरांच्या पाठभिंतींत मिसळून गेला आहे, तर कोठे वाढत्या वस्तीने त्याला गिळून टाकले आहे. परंतु टपालवाल्याच्या मनात तो अद्याप शाबूत आहे. आपण तटाच्या आतले की बाहेरचे, हे सांगितल्याखेरीज झाशीत माणसाचा ठावठिकाणा पुरा होत नाही.

आमचे घर 'अंदर खंडेराव गेट'. कित्येक पिढ्यांपूर्वी आमचा मूळपुरुष सुभेदारांच्या दप्तरात कारकुनी करण्यासाठी कोकणातून येथे आला आणि येथलाच झाला. घरात आम्ही मराठी बोलतो. पण ती ऐकून पुण्याकडची मंडळी गालात हसतात, कारण फोडणीत मोहरी तडतडावी तसे तिच्यात बुंदेली शब्द मधूनमधून उडत असतात. उंबऱ्याबाहेर पडले की हिंदी, आणि कचेरीत पोहोचले की इंग्रजी. तीन भाषांत वावरण्याच्या या सवयीनेच मला पोटापाण्याचा उद्योग मिळवून दिला. गेली अठरा वर्षे मी पर्यटन कचेरीत परदेशी पाहुण्यांच्या स्वागताचे काम करते. त्यांतील एका दिवसाची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे. पाहुण्यापासून यजमान काय झाकून ठेवतो, यावरही त्याची परीक्षा होत असते, हे मला त्या दिवशी प्रथम उमगले.

हा उद्योग आपल्या देशात तसा नवाच म्हणावयाचा. १९४९ साली केंद्र सरकारच्या वाहतूक मंत्रालयात पर्यटनाची एक शाखा उघडण्यात आली. १९५८ साली तिचे स्वतंत्र खाते झाले. पुढे संयुक्त राष्ट्रसंघाने १९६७ हे वर्ष आंतरराष्ट्रीय पर्यटन वर्ष म्हणून पाळले आणि पर्यटन हे शांततेचे पारपत्र आहे, असे त्याचे बोधवाक्य ठेवले. मी कामावर रुजू झाले त्या वेळी हा सारा इतिहास मला ज्या वरिष्ठांनी सांगितला, त्यांनीच एक मंत्रही दिला. ते म्हणाले, "पाहुणा हसत आला पाहिजे आणि हसत गेला पाहिजे. त्याच्या मनाला जड होईल असे काही बोलू नये." त्यांचा हेतू चांगला होता, यात शंका नाही. मी तो मंत्र निष्ठेने पाळला.

आमच्या कामात डौल आहे असे लांबून वाटते. प्रत्यक्षात त्याचा मोठा भाग सामान मोजण्यात जातो. परदेशी प्रवाशांपैकी बहुतेकांना झाशी हे केवळ उतरण्याचे स्टेशन वाटते. दिल्लीहून ते आगगाडीने येथे येतात आणि मोटारीत बसून अठरा किलोमीटरवरच्या ओरछ्यास किंवा पावणेदोनशे किलोमीटरवरच्या खजुराहोस निघून जातात. अशा प्रवाशांना अर्धा दिवस तरी झाशीत थांबवावे, हा माझा कित्येक वर्षांचा खटाटोप. त्यासाठी पाण्याच्या बाटल्या बरोबर घ्यावयाच्या, देवळाबाहेर काढलेले जोडे सांभाळावयाचे, परदेशी माणसाचे तिकीट आपल्यापेक्षा महाग का, याचा खुलासा हसतमुखाने करावयाचा, आणि स्वच्छ स्वच्छतागृह कोठे आहे याचा पत्ता तोंडपाठ ठेवावयाचा. माझ्या पिशवीत तीन वस्तू कायम असतात : शहराचा नकाशा, मीठ-साखरेच्या चार पुड्या आणि विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास' या पुस्तकाची एक जुनी प्रत. या तिसऱ्या वस्तूचे काय काम, ते पुढे येईलच.

मी सांगते तो दिवस दोन-तीन वर्षांपूर्वीचा, मार्चच्या अखेरीचा. गुढीपाडवा होऊन आठवडा झाला होता. आमच्याकडे चैत्रगौर झोपाळ्यात बसली होती आणि त्याच संध्याकाळी आईने हळदीकुंकू योजले होते. अंगणात तिने भल्या पहाटे चैत्रांगण रेखले होते : सूर्य, चंद्र, कासव, तुळस, गौरीची पावले. मी निघताना ती म्हणाली, "पाचाच्या आत ये हो. डाळ वाटायला मला कोणीतरी हवं. आणि तुझ्या पाहुण्यांना ऊन लागू देऊ नकोस." मी होय म्हणाले. यजमानीण घरी आणि यजमानीण दारी, अशी दोन्हीकडून बांधलेली मी स्टेशनवर पोहोचले.

गाडीतून पाच जण उतरले. हॉलंडचे एक मध्यमवयीन जोडपे, हातात चित्रांची वही घेतलेला एक जपानी तरुण, आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एक इंग्रज बाई व त्यांची नात. बाई निवृत्त शाळामास्तरीण होत्या. पाठ ताठ, डोक्यावर गवती टोपी, आणि आधाराला दिलेला हात नम्रपणे नाकारण्याची सवय. आमचे सारथी म्हणजे आम्ही ज्यांना चाचा म्हणतो ते जुने जाणते ड्रायव्हर. चाचांना इंग्रजीचे वीस-पंचवीसच शब्द येतात, पण प्रवासी मंडळी माझ्याआधी त्यांच्याशी स्नेह जोडतात, असा माझा अनुभव आहे.

खंडेराव दरवाज्याजवळून आम्ही जात होतो. रिक्षा, हातगाड्या, शाळेतून परतणारी मुले आणि स्वस्थपणे उभी असलेली एक गाय, एवढ्यांचा मेळ तेथे जमला होता. डच गृहस्थांनी विचारले, "हे खंडेराव कोण?" मी म्हणाले, मराठी माणसाने हे नाव ऐकले की त्याला प्रथम आठवतो तो जेजुरीचा खंडोबा, घोड्यावर बसलेला देव, ज्याच्या डोंगरावर हळदीचा भंडारा उधळतात आणि पायऱ्या पिवळ्या होतात. येथून सुमारे हजार किलोमीटर दूर असलेल्या त्या देवाचे नाव बुंदेलखंडातल्या एका वेशीवर ऐकू यावे, यातच या शहराच्या इतिहासाचा अर्धा भाग आला. जपानी तरुणाने वहीत घोडा काढला. मग त्याने विचारले, "दार आहे, पण भिंत कोठे आहे?" मी त्याला 'अंदर' आणि 'बाहर' यांची गोष्ट सांगितली. त्याला ती फार आवडली. तो म्हणाला, "म्हणजे भिंत पत्त्यात आहे."

किल्ल्यावर ऊन चढले होते. येथले माझे निवेदन इतके मुरलेले आहे की, झोपेतही मी ते चुकणार नाही. ओरछ्याचा राजा वीरसिंह देव याने १६१३ साली बंगरा नावाच्या टेकडीवर हा किल्ला बांधला. १७२९ साली महंमद खान बंगशाने वृद्ध छत्रसालाला घेरले, तेव्हा पहिले बाजीराव पेशवे त्याच्या मदतीस धावले. त्या उपकाराची फेड म्हणून छत्रसालाने आपल्या राज्याचा तिसरा हिस्सा पेशव्यांस दिला आणि त्यात झाशी आली. १७४२ साली नारोशंकर सुभेदार म्हणून आले. त्यांनी किल्ला वाढवला आणि त्याखालचे गाव वसवले. पुढे नेवाळकर घराण्याकडे सुभा आला. त्या घराण्यातील गंगाधरराव २१ नोव्हेंबर १८५३ रोजी निवर्तले, आणि दत्तक पुत्र नामंजूर करून कंपनी सरकारने १८५४ साली संस्थान खालसा केले.

माझे बोलणे संपले तसे सावलीत बसलेले चाचा हलकेच म्हणाले, "बहनजी, सच पूछो तो आप लोग भी पहले मेहमान ही थे." मी हसले, पण ते वाक्य माझ्या मनात रुतून बसले. मराठे येथे राजे म्हणून येण्याआधी पाहुणे म्हणून आले होते. बुंदेल्यांनी दार उघडले म्हणून आम्ही 'अंदर' झालो. वसुलीची दप्तरे ज्यांच्या हाती होती, त्यांत आमचा मूळपुरुषही होता. येथल्या शेतकऱ्याला तो पाहुणा वाटला असेल की आणखी काही, हे माझ्या तोंडपाठ निवेदनात कोठेच नव्हते.

'कडक बिजली' तोफेजवळ नातीने छायाचित्रे काढली. तोफखान्याचा प्रमुख गुलाम गौस खान, खुदाबक्ष आणि मोतीबाई यांच्या कबरींपाशी सर्व जण थोडा वेळ स्तब्ध उभे राहिले. तेथून राणीने घोड्यावरून उडी घेतली असे सांगतात त्या जागी मी पाहुण्यांना नेले. लोकांची श्रद्धा या उडीवर आहे. नोंदी मात्र असे सांगतात की, ४ एप्रिल १८५८ च्या रात्री राणी भांडेर दरवाज्याने घोड्यावरून बाहेर पडली. मी नेहमी दोन्ही सांगते. येथवर माझी सद्सद्विवेकबुद्धी अगदी शांत होती.

मंडळी उतरू लागली तेव्हा इंग्रज बाई मागे रेंगाळल्या. त्यांनी मला हळूच विचारले, "या गावात जोखनबाग नावाची जागा आहे ना? ती आपल्या कार्यक्रमात दिसली नाही."

वाचकहो, तो प्रश्न ऐकून उन्हातही माझे हात गार पडले, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती समजू नका. जोखनबाग आमच्या कार्यक्रमात कधीच नव्हती, कारण मी ती घातलीच नव्हती. १८५७ च्या जूनच्या पहिल्या आठवड्यात झाशीच्या छावणीत शिपाई उठले. इंग्रज अधिकारी बायकामुलांसह किल्ल्यात शिरले. सुखरूप जाऊ देण्याच्या वचनावर ८ जून रोजी ते खाली उतरले. त्यांना शहराबाहेर जोखनबागेत नेण्यात आले आणि तेथे सर्वांची कत्तल झाली. मृतांची संख्या साठाच्या आसपास होती आणि त्यांत स्त्रिया व लहान मुले होती. राणीचा या कृत्यात हात होता, हे सिद्ध झालेले नाही. तिने त्याच महिन्यात सागर विभागाचे कमिशनर अर्स्किन यांना पत्रे पाठवून या हत्येचा निषेध केला होता. परंतु हत्या झाली, आणि ती आमच्या गावात झाली.

इंग्रज पाहुण्यांसमोर हे बोलणे मी अठरा वर्षे टाळत आले होते. आणि खरे सांगावयाचे, तर त्याच पाहुण्यांसमोर मी दुसरीही गोष्ट टाळत आले होते : ती पुढल्या एप्रिलमधली. पहिली सांगितली तर आपल्याला लाज वाटेल, दुसरी सांगितली तर त्यांना. म्हणून दोन्ही गाळून मी तोफा, घोडा आणि शौर्य एवढेच सांगत असे. पाहुणे हसत येत आणि हसत जात.

मी बाईंना म्हणाले, "जागा आहे. पण आपल्याला ती पाहावीशी का वाटते, हे विचारू का?" माझी कल्पना अशी की, यांचे कोणी पूर्वज तेथे मारले गेले असतील. बाईंनी मान हलवली आणि म्हणाल्या, "तेथे नेलेत, तर तेथेच सांगेन."

चाचांना मी जोखनबाग म्हणताच त्यांनी आरशातून माझ्याकडे एकदा पाहिले आणि काही न बोलता गाडी वळवली. तेथे पाहण्यासारखे फारसे काही नाही. शहराच्या वर्दळीत एक स्मारक मुकाट्याने उभे आहे. मी सर्वांना घडले तसे सांगितले. वचनाबद्दल सांगितले, मुलांबद्दल सांगितले. माझा आवाज नेहमीसारखा सराईत निघत नव्हता. डच बाईंनी आपल्या पतीचा हात धरला. जपानी तरुणाने वही बंद केली.

मग इंग्रज बाई बोलू लागल्या. त्यांचे पणजोबा येथे मारले गेले नव्हते. ते सर ह्यू रोज याच्या सैन्यात साधे शिपाई होते आणि १८५८ च्या वसंतात झाशीच्या तटाला ज्या शिड्या लागल्या, त्यांतल्या एकीवर होते. घरी परतल्यावर ते मुलांना हिंदुस्थानच्या गोष्टी सांगत. गोष्ट नेहमी जोखनबागेपासून सुरू होई. मग वाटेतला उन्हाळा, तोफा, आणि ३ एप्रिलची पहाट. "आणि मग आम्ही भिंतीवर चढलो," एवढे म्हणून ते थांबत. मुले विचारीत, पुढे काय झाले? पणजोबा उठून बागेत जात. त्यांच्या मुलाने ती गोष्ट नातवाला तेवढीच सांगितली, आणि नातवाने या बाईंना तेवढीच. बाई म्हणाल्या, "मी चाळीस वर्षे मुलांना इतिहास शिकवला. ज्या गोष्टीला शेवट नाही, ती गोष्ट मुलाला सांगू नये, असे मला वाटते. भिंतीच्या आत काय झाले, ते ऐकायला मी आले आहे. मात्र आपल्याला सांगावेसे वाटले तरच."

वाचकहो, मी क्षणभर निरुत्तर झाले. त्यांच्या घरातील गोष्ट जेथे थांबत होती, नेमकी तेथेच आमच्या घरातील गोष्ट सुरू होत होती. आणि आमच्या गोष्टीच्या आधीचे जे पान आम्ही कधी उघडले नव्हते, त्यानेच त्यांची गोष्ट सुरू होत होती. दोन घरांनी एकाच पोथीचे दोन तुकडे करून जपून ठेवावेत, तसे हे झाले होते.

आम्ही राणीमहालात गेलो. तेथे आता पुरातत्त्व खात्याने जमविलेल्या प्राचीन मूर्ती मांडल्या आहेत. चौकात सावली असते आणि दुपारी गर्दी नसते. तेथे बसून मी पिशवीतून 'माझा प्रवास' बाहेर काढले. विष्णुभट गोडसे हे कोकणातील वरसई गावचे भिक्षुक. घरावरचे कर्ज फेडावे आणि यज्ञाची दक्षिणा मिळवावी, या आशेने ते १८५७ साली चुलत्यांसह उत्तरेकडे निघाले आणि वाटेत बंडाच्या वणव्यात सापडले. झाशीला ते पाहुणे म्हणून आले होते. वेढा पडला तेव्हा ते शहरात होते आणि भिंतीच्या आत जे घडले, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिले. त्यांचा हा वृत्तान्त चिंतामणराव वैद्य यांनी १९०७ साली प्रसिद्ध केला. सत्तावनच्या धामधुमीत सापडलेल्या सामान्य मराठी माणसाने, कोणताही आव न आणता लिहिलेले असे पुस्तक दुर्मिळच.

मी ते वाचून दाखवले नाही; त्यातले सांगत गेले. २१ मार्चला रोजची फौज आली. १ एप्रिलला तात्या टोपे यांची मदतीस आलेली सेना बेतव्याकाठी पराभूत झाली. ३ तारखेला तट पडला. मग गोरी फौज गल्ल्यांतून शिरली. हलवाईपुऱ्याला आग लागली. पुरुष दिसेल तेथे मारला गेला. लढणारा आणि न लढणारा असा भेद उरला नाही. लोक विहिरींत उतरले, तळघरांत आणि माळ्यांवर लपले. मग लुटीचे दिवस आले. राजवाड्यातील मोठ्या ग्रंथालयाचा नाश झाला. पोथ्यांची ती धूळधाण सांगताना विष्णुभटांच्या शब्दांत जी कळ आहे, ती वाचणाऱ्याला आजही जाणवते. मृत नागरिकांची संख्या हजारोंत गेली. जोखनबागेचा सूड, हे त्यासाठी दिलेले कारण होते. ज्यांनी तो सूड भोगला, त्यांतल्या बहुतेकांचा जोखनबागेशी काडीचाही संबंध नव्हता.

बाईंनी सर्व ऐकून घेतले. त्यांनी क्षमा मागितली नाही. मागितली असती, तरी ती देण्याचा अधिकार मला कोठे होता? त्यांनी आपली लहान वही काढली आणि म्हणाल्या, "त्या भिक्षुकाचे नाव मला नीट सांगा." मी सांगितले. त्यांनी ते एकेक अक्षर करून लिहून घेतले. या पुस्तकाची इंग्रजी भाषांतरे झाली आहेत, हे सांगितले तेव्हा त्यांचा चेहरा किंचित उजळला. मग त्या नातीकडे वळून म्हणाल्या, "आता तू ही गोष्ट पुरी सांगू शकशील."

घड्याळात साडेचार वाजले होते. आईची डाळ वाटावयाची राहिली होती. माझी घालमेल पाहून चाचा म्हणाले, "सबको घर ले चलिए. दूर ही कितना है?" कचेरीच्या नियमांत हे बसत होते की नाही, याचा विचार मी केला नाही. पुन्हा आम्ही खंडेराव दरवाज्याशी आलो आणि या वेळी गाडीतून उतरून चालत आत शिरलो. दरवाज्याखाली इंग्रज बाई एक क्षण थांबल्या. ज्यांचे पणजोबा या तटावर शिडी लावून चढले, त्या आता पायी, नातीचा हात धरून आणि बोलावलेल्या पाहुण्या म्हणून आत येत होत्या.

आईने दारात पाच परकी माणसे पाहिली आणि तिच्या चेहऱ्यावर एवढेच उमटले की, वाट्या पुरतील ना? डच बाईंना तिने पाटा-वरवंट्यापाशी बसवले. डच गृहस्थ आणि चाचा ओसरीवर पन्ह्याचे पेले घेऊन बसले. जपानी तरुण अंगणात उकिडवा बसून चैत्रांगणातले कासव वहीत उतरवू लागला. मी स्वयंपाकघरात आईला दिवसभराची हकीकत चार वाक्यांत सांगितली. ती डाळ कालवीत ऐकत होती. हात एकदा थांबले, पुन्हा चालू लागले.

येथे आमच्या घरातील एक चाल आपणांस सांगितली पाहिजे. हळदीकुंकवाच्या दिवशी, पहिल्या सवाशिणीची ओटी भरण्याआधी, भिजवलेल्या हरभऱ्यांची एक मूठ द्रोणात काढून गौरीपुढे ठेवतात आणि ती कोणालाही देत नाहीत. लहानपणी मी आजीला याचे कारण विचारले होते. आजी म्हणाली होती की, शके १७८० च्या चैत्रात आमच्या आळीत गौर बसली होती आणि हळदीकुंकवाची आमंत्रणेही गेली होती. मग वेढा पडला. ज्या बायका त्या चैत्रात यायच्या होत्या आणि आल्या नाहीत, त्यांच्या नावाची ही मूठ.

त्या संध्याकाळी आई बाहेर आली, गौरीपुढे बसली आणि तिने एक द्रोण भरून ठेवला. मग तिने दुसरा द्रोण घेतला, त्यातही एक मूठ घातली आणि तो पहिल्याशेजारी ठेवला. माझ्याकडे न पाहताच ती म्हणाली, "त्या बागेतल्या बायकांनाही कोणीतरी बोलवायला हवं होतं."

इंग्रज बाईंना मी दोन्ही द्रोणांचा अर्थ सांगितला. दिवसभर कोरडे राहिलेले त्यांचे डोळे तेव्हा भरून आले. आईने त्यांच्या कपाळाला कुंकू लावण्यासाठी हात पुढे केला, तेव्हा त्या संकोचून म्हणाल्या की, आपले पती वारले आहेत, आणि या चालीत विधवेला स्थान नसते असे आपण वाचले आहे. मी ते आईला सांगितले. आई म्हणाली, "त्यांना सांग, या गावची राणीही विधवाच होती. आम्ही तिला काय कमी मान देतो?" आणि तिने कुंकू लावले, हातावर अत्तर चोळले, गुलाबपाणी शिंपडले आणि पदर नसल्यामुळे गवती टोपीतच ओटीचे हरभरे घातले.

रात्री पाहुणे ओरछ्याला रवाना झाले. दुसऱ्या दिवशी कचेरीत मी अर्ध्या दिवसाच्या कार्यक्रमाचा छापील कागद घेतला आणि किल्ला व राणीमहाल यांच्या मध्ये शाईने लिहिले : जोखनबाग. राणीमहालापुढे लिहिले : एप्रिल १८५८, शहराची हकीकत. माझ्या सध्याच्या वरिष्ठांनी कागद पाहिला, थोडा वेळ विचार केला आणि विचारले, "पाहुण्यांना हे जड नाही का जाणार?" मी म्हणाले, "जाईल. पण जे माणूस इतक्या दुरून येते, ते थोडे वजन उचलू शकते." त्यांनी कागद परत दिला आणि म्हणाले, "मग हाताने कशाला? नीट टंकून घ्या."

तेव्हापासून माझ्या पाहुण्यांपैकी काही जण जोखनबागेत गप्प होतात, काही वाद घालतात, आणि क्वचित कोणी गाडीतून उतरतच नाही. हसत आलेला प्रत्येक जण हसतच जातो, असे आता मी म्हणू शकत नाही. परंतु चहाच्या वेळी ते आपल्या गावच्या गोष्टी सांगू लागतात. त्या गोष्टींत तट असतात, बागा असतात आणि भिंतीवर चढून एकाएकी थांबलेले कोणाचे तरी पणजोबा असतात. कधी कधी त्या तेथे पुऱ्याही होतात.

वाचकहो, आपणही सवडीने झाशीस या. स्टेशनवर उतरून थेट ओरछ्याची गाडी धरू नका. रिक्षावाल्याला खंडेराव गेट म्हणा; तो आपणांस विचारील, "अंदर कि बाहर?" आपण 'अंदर' म्हणा. चैत्र असेल, तर आमच्या घरी पन्हे असतेच.